स्कॅन झालं, सूचीचं काय?

“अरे, आता सगळं ऑनलाइन आहे की! जुनी कागदपत्रं बघायला पुण्याला कशाला जायला हवं?”

कुलवृत्तांताचा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांपैकी कुणीतरी हे वाक्य टाकतंच. बरं, मग शोधा आणि सांगा म्हटलं, तर दोन दिवसांनी उत्तर येतं, “आडनाव टाकून पाहिलं, काही नाही. आपले पूर्वज काही विशेष नसावेत.” :-)

हसू येतं, पण या दोन्ही वाक्यांचा मला मनापासून राग आहे. पहिल्याचा जास्त. कारण ते आता फक्त काका-मामांचं राहिलेलं नाही. ग्रंथालयं चालवणारे आणि त्यांना पैसे देणारेही तसंच बोलू लागलेत. इतकी लाख पानं स्कॅन झाली, उद्घाटन झालं, फोटो छापून आला, संपलं काम!

आधीच सांगून ठेवतो, मी स्कॅनिंगच्या विरोधात नाही. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड. यातले बरेचसे आज घरबसल्या उघडता येतात. नंदुरबारच्या विद्यार्थ्याला आणि न्यू जर्सीतल्या माझ्या चुलतबहिणीला ते सारखेच जवळ आहेत, ही साधी गोष्ट नाही. आणि ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेत जी मोडतोड झाली ती आठवली, की कागदाची दुसरी प्रत असावी का, हा प्रश्नच उरत नाही. असावीच.

पण प्रत असणं वेगळं आणि ती सापडणं वेगळं.

छापील पुस्तकांचंच बघा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पात हजारो मराठी पुस्तकं स्कॅन झाली. २०१७ च्या सुमारास ते मूळ संकेतस्थळ बंद पडलं. बरीच पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर उतरवून ठेवलेली होती म्हणून वाचली. पण त्यांची नावं? रोमन लिपीत, आणि ज्याला सुचेल त्या स्पेलिंगने. ‘ऐतिहासिक’ हा एक शब्द दोन पुस्तकांवर दोन तऱ्हांनी लिहिलेला. लेखकाचं नाव कधी अर्धं, कधी गायब. देवनागरीत शोधलं तर “काही सापडलं नाही”, आणि पुस्तक मात्र तिथेच निवांत बसलेलं! मी एकेका पुस्तकासाठी चार-चार स्पेलिंगं टाकून बघतो. याला संशोधन म्हणायचं की लॉटरी?

मोडी कागदांची तर आणखीनच तऱ्हा. समजा तुम्हाला १७७६ सालचा कागद हवाय. शोधायच्या चौकटीत १७७६ टाकलं, तर काय मिळणार? कप्पाळ! कागदावर १७७६ हा आकडा नसतोच. तिथे असतं ‘सबा सबैन मया व अलफ’. म्हणजे अरबीत सात, सत्तर, शंभर, हजार. झाला सुहूर सन ११७७. त्यात ५९९ मिळवले की १७७६. हे साल जूनच्या सुमारास मृगात बदलतं, त्यामुळे कागद जानेवारी ते मे मधला असेल तर ६०० मिळवायचे, म्हणजे १७७७. ही बेरीज करून कुणीतरी जाणत्या माणसाने कागदाच्या नोंदीत इसवी सन लिहून ठेवला असेल, तरच तो कागद तुम्हाला सापडणार.

आडनावाचंही तेच. कागदात माणूस बहुधा ‘अमुकजी बिन तमुकजी, पाटील, मौजे अमुक, तर्फ तमुक’ असा येतो. आडनाव असेलच असं नाही, आणि आजचा तालुका तर नसतोच. तेव्हा काकांना ‘काही नाही’ असं उत्तर मिळालं, त्याचा अर्थ पूर्वज विशेष नव्हते असा नाही. त्यांच्या कागदाची नोंद कुणी केली नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

“आता एआय वाचेल की मोडी!” हेही ऐकून झालं. वाचू दे, आनंदच आहे. तसे प्रयत्न चालूही आहेत. पण यंत्राने वाचलेलं बरोबर आहे का हे बघायला मोडी येणारा माणूस लागतोच. आणि कागद कुठल्या घराण्याच्या दफ्तरातला, कुठल्या रुमालातला, त्याच्या मागचा-पुढचा कागद कोणता, हे त्या अक्षरांत नसतं. ते लिहून ठेवावं लागतं. नाहीतर काय होतं ते आपण रोज बघतोच. एक सुटं पान कुठून तरी येतं, ‘हा घ्या पुरावा’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आणि दोन जाती एकमेकींच्या अंगावर जातात. पान खरं असेलही. पण त्याच्या शेजारच्या पानावर काय होतं, हे विचारायची सोय कुठे आहे?

गेल्या वर्षी एका जुन्या ग्रंथालयाचा (नाव नको) डिजिटल संग्रह वापरला. फायलींना नावं म्हणून नुसते क्रमांक. चौकशी केली तेव्हा कळलं, की तिथे आधीच्या ग्रंथपालांनी हाताने लिहिलेली सूचीची जाडजूड वही होती. सगळं स्कॅन झालं, ती वही तेवढी राहिली. का? तर “ती आतल्या कामाची”! म्हणजे कुलपाचे फोटो काढले आणि किल्ली फडताळात टाकली.

याच महाराष्ट्रात शं. ग. दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली. संगणक नव्हता, अनुदानाचा थाट नव्हता. आज अभ्यासकाला ती लागतेच. आपल्याकडे संगणक आहे, मोडीचे वर्ग भरतात, शिकलेली मुलं आहेत. त्यांना या कामाचा पगार द्यायला मात्र पैसे नसतात, कारण सूचीचं उद्घाटन करता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. स्कॅनिंगवर जेवढा खर्च, तेवढाच सूचीवर झाला पाहिजे. प्रत्येक कागदामागे चार गोष्टी देवनागरीत लिहा: तारीख, गाव, माणसं आणि रुमाल. जुन्या वह्या आधी स्कॅन करा, बाकीचं नंतर. ज्या संस्थेला हे जमत नसेल तिने लाखांचे आकडे छापू नयेत.

आणि नातेवाईक मंडळी, आजोबांच्या नावाने ग्रंथालयाला देणगी द्यायचं तुमच्या मनात आहे ना? स्कॅनरवर नावाची पाटी लावू नका. मोडी वाचणाऱ्या एका मुलाचा किंवा मुलीचा वर्षभराचा पगार द्या.