रेडिओ दुरुस्त करावा, नवा करू नये

गेल्या महिन्यात पुण्याहून भाचा आला होता. चहा होईपर्यंत त्याने मोबाईलवर मला एक फोटो दाखवला. जुन्या मर्फी रेडिओचं खोकं, आरशासारखं चकचकीत. आतलं सगळं काढून टाकून त्यात ब्लूटूथ स्पीकर बसवलेला. किंमत पाहून मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली.

"मामा, तुमच्याकडे असे २५-३० पडलेत. असं करून दिले तर हातोहात जातील!"

२५-३० नाहीत, १९ आहेत. त्यांतले ११ बोलतात, ८ अजून मुके आहेत. आणि 'पडलेले' तर एकही नाही. पण पाहुण्याशी वाद कशाला, म्हणून तेव्हा गप्प बसलो. नंतर रात्री झोप येईना. शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला उत्तर उशिरा सुचलं तरी ते लिहून काढल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून हा लेख.

आधी माझी लायकी सांगून टाकतो. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत मराठी आणि इतिहास शिकवला. विजेशी संबंध फक्त बिल भरण्यापुरता. निवृत्त झाल्यावर हा नाद लागला. नांदेडला वजिराबादकडे एक म्हातारे उस्ताद होते, त्यांच्या दुकानात स्टुलावर बसून दोन वर्षं शिकलो. व्हॉल्व्हचे नंबर पाढ्यासारखे पाठ केले. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८०. पहिला लहरी पकडून बदलतो, दुसरा त्या वाढवून त्यातून आवाज वेगळा काढतो, तिसरा तो आवाज स्पीकर हलवण्याइतका जोरकस करतो आणि चौथा या सगळ्यांना डीसी वीज पुरवतो. चार माणसांचं कुटुंब म्हणा ना! एकाने काम सोडलं की घर बसलं.

हे रेडिओ बहुतेक एकाच दुखण्याने जातात. त्यात कागदाचे कंडेन्सर असतात. त्यांचं काम शाळेच्या फाटकावरच्या शिपायासारखं. एसी म्हणजे आवाजाचा प्रवाह आत सोडायचा, डीसी अडवायचा. ४०-५० वर्षांनी शिपायाला डुलकी लागते. नको तो डीसी शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतो, व्हॉल्व्ह तापतो, आणि मग त्याच्यापुढचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून जुना रेडिओ हाती आला की थेट प्लग लावून बघायचा मोह आवरावा. आधी हे कंडेन्सर बदलावेत. मग १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज द्यावी. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. पेटून हळूहळू मंदावला तर समजावं, आजारी आहे पण वाचेल. आणखी एक. काही सेटमध्ये मुख्य ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांच्या चॅसिसवर थेट घरातली वीज येऊ शकते. हे ज्याला माहीत नाही त्याने मागचं झाकण उघडूच नये. छंद आपल्या जागी, जीव आपल्या जागी.

असो. मुद्दा दुरुस्तीचा नाही, दुरुस्ती कुठे थांबवावी याचा आहे. हे मला शिकायला एक मोठी चूक करावी लागली.

आमच्या गावात वीज आल्यावर, १९६५ साली, दादांनी नांदेडहून मर्फी आणला. (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.) ओसरीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीची एरियल, आणि पोस्टात जाऊन दरवर्षी परवान्याचे पैसे भरायचे. आजच्या मुलांना सांगितलं तर हसतात, पण रेडिओ ऐकायला परवाना लागायचा. तो १९८० च्या दशकात रद्द झाला. केसकर मंत्री असताना आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली होती. पुढे १९५७ मध्ये विविध भारती आली तरी बुधवारी रात्री ८ ला काटा सिलोनवरच! १९६५ सालीच लढाई झाली, तेव्हा बातम्यांना अर्धी गल्ली आमच्या ओसरीत असायची. १९६६ च्या जानेवारीत शास्त्रीजी गेल्याचं याच रेडिओने सांगितलं. दादांनी उठून तो बंद केला आणि त्या दिवशी कुणी परत लावला नाही.

आई खंडेनवमीला घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा करायची. नांगर, विळे, दादांची लेखणी, माझी पुस्तकं आणि त्यांच्या शेजारी रेडिओ. त्याच्या उजव्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट. दरवर्षी त्याच जागी.

२००९ साली हा मर्फी मी दुरुस्तीला घेतला. आतलं काम छान जमलं. मग अंगात वारं शिरलं. काचकागद आणला, लाखेचं पॉलिश केलं आणि आठ दिवस ओट्यावर बसून ते खोकं नव्यासारखं काढलं. उजव्या कोपऱ्यात एक काळपट-तांबूस डाग लाकडात मुरला होता. जाता जाईना. तिथे मी सगळ्यात जास्त घासलं.

आई तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. रेडिओ वाजला, तिला आनंद झाला. जवळ येऊन तिने खोक्यावरून हात फिरवला आणि तो त्या कोपऱ्यावर थांबला.

"इथं काय होतं, ते काढलंस का रे?"

"डाग होता, आई."

"कुंकू होतं ते."

एवढंच बोलली. रागावली नाही. पुढच्या दसऱ्याला तिने पुन्हा बोट लावलं, पण नव्या पॉलिशवर कुंकू धरेना, दुसऱ्या दिवशी फडक्याबरोबर गेलं. उस्तादांना हे सांगितलं, तेव्हा ते सोल्डरिंगचं काम न थांबवता म्हणाले, "मास्साब, चमकाने से आवाज नई आती." ४० हून अधिक वर्षांची आईची सही मी अर्ध्या तासात पुसली होती. लाकडाला पॉलिश पुन्हा करता येतं, कुंकू पुन्हा मुरवता येत नाही.

आपल्याकडे जुन्याचं नवं करण्याची हौस फार. खेड्यापाड्यांतली काळ्या दगडाची देवळं बघा. जीर्णोद्धार झाला म्हणतात, म्हणजे दगडाला ऑईलपेंट आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा! भाव वाईट नसतो. मी काचकागद घेऊन बसलो तेव्हा माझा तरी कुठे वाईट होता? पण भाव चांगला असला म्हणून गेलेलं परत येत नाही.

आता दुसरी गोष्ट सांगतो. तिच्यामुळे माझं मत पक्कं झालं.

काही वर्षांपूर्वी औसा तालुक्यातले एक गृहस्थ लातूरला माझ्या मुलाच्या घरी मला शोधत आले. गाव किल्लारीच्या शेजारचं. पोत्यात गुंडाळलेला एक व्हॉल्व्हचा रेडिओ पुढ्यात ठेवला. एक बाजू चेपलेली, वरच्या फळीला आरपार तडा, डायलची काच नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. ही वेळ आमच्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवदाचं ओझं. जी घरं उन्हाळ्यात गार राहायची, तीच माणसांवर बसली. हे गृहस्थ तेव्हा शिकायला बाहेर होते, म्हणून राहिले. रेडिओ भिंतीतल्या देवळीत होता. ढिगारा उपसताना सापडला. घरातलं तेवढंच साबूत निघालं म्हणाले, आणि मग त्यांनाच तो शब्द खटकला असावा, कारण ते गप्प झाले.

मी सवयीने म्हणालो, "फळी बदलून देतो. जुनं सागवान आहे माझ्याकडे. ओळखू येणार नाही."

"नको गुरुजी. निस्तं वाजवून द्या. वरून हात लावू नका."

तीन महिने लागले. स्पीकरचा कोन फाटला होता, एक व्हॉल्व्ह गेला होता. तसा व्हॉल्व्ह हैदराबादच्या जुमेरात बाजारातून मिळाला. सगळे कंडेन्सर बदलले. चॅसिसच्या कोपऱ्यांत वाळलेली माती होती. जिथे ती तारांना लागत होती, तिथली ब्रशने काढली. बाकीची राहू दिली. काढलेली माती आणि जुने भाग एका पुडीत बांधून खोक्यातच ठेवले.

ते न्यायला आले ती संध्याकाळची वेळ होती. अंधार पडल्यावर मध्यम लहरी लांबवर पोचतात. रेडिओ लावला. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट गेला. मग खरखर, आणि खरखरीतून कुठल्या तरी लांबच्या स्टेशनवरचं तेलुगू गाणं. आम्हा दोघांनाही तेलुगू येत नाही. दोघंही शेवटपर्यंत ऐकत बसलो.

आता भाच्याचा खरा प्रश्न, आणि तो टाळण्यासारखा नाही. "मामा, दुरुस्त करून ऐकणार काय?" खरं आहे. आमच्या नांदेडचं आकाशवाणी केंद्र एफएमवर आहे आणि माझ्या ११ बोलक्यांपैकी एकालाही एफएम कळत नाही. घरच्या गावाचा आवाज घरच्या रेडिओवर येत नाही! बीबीसी हिंदीचं रेडिओ प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. अमीन सयानी २०२४ मध्ये गेले. मध्यम लहरींची प्रक्षेपण केंद्रंही एकेक करून कमी होत आहेत. एक दिवस असा येईल की कान शाबूत असतील आणि बोलणारं कुणी नसेल. आम्हा सत्तरी ओलांडलेल्यांना ही अवस्था काही अगदीच अनोळखी नाही.

पण त्यावर उपाय आतडी काढून टाकणं हा नव्हे. बऱ्याच जुन्या सेटच्या मागे ग्रामोफोन जोडायला दोन भोकं दिलेली असतात. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला तिथे मोबाईल जोडता येतो. (बिनट्रान्सफॉर्मरच्या सेटला चुकूनही जोडू नये.) नातवाला तसं करून दिलं. त्याचीच गाणी, पण माझ्या ईएल ८४ मधून. दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "आजोबा, आवाज जाड येतोय." त्याची पसंती होती असं मी धरून चाललो आहे. एकही तार न कापता दोन पिढ्यांचं काम भागलं.

दुसऱ्या टोकाचेही लोक आहेत. ते म्हणतात, पुरातन वस्तू आहे, आतला एक स्क्रूही हलवू नका, कपाटात ठेवा. तेही मला पटत नाही. घड्याळ बंद असलं तरी शोभतं, मुका रेडिओ मात्र नुसतं लाकूड. जे कंडेन्सर कारखान्यात बसवले, ते कधीतरी बदलावे लागणार हे बनवणाऱ्यालाही माहीत होतं. ते बदलण्यात पाप नाही. ते बदलायचेच. फक्त काढलेले फेकायचे नाहीत.

तेव्हा १५-१६ वर्षांच्या चुकांनंतर मी स्वतःपुरते तीन नियम केले आहेत. आतून जेवढं लागेल तेवढं करायचं, बाहेरून फक्त ओलसर फडकं. काढलेला प्रत्येक भाग पुडीत बांधून खोक्यातच ठेवायचा. आणि मागच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवायची. काय बदललं, कधी, का. उद्या कुणाला माझं काम चुकीचं वाटलं तर त्याला ते परत फिरवता आलं पाहिजे. शाळेत पेन्सिलने लिहा म्हणायचो ना, तसंच.

रेडिओवर पडलेला ओरखडा हा त्या घराचा असतो, कारखान्याचा नसतो. कारखान्याने तर एकसारखे हजारो काढले. आपल्या ओसरीतला रेडिओ शेजाऱ्याच्या रेडिओपासून वेगळा झाला तो अशाच डागांनी, तड्यांनी, विड्याच्या चुन्याच्या बोटांनी. तेच घासून काढलं तर आपण तो पुन्हा दुकानात नेऊन ठेवला म्हणायचं.

तुमच्या घरात माळ्यावर एखादा असेल तर एवढीच विनंती. पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला त्याच्यावरून एकदा हात फिरवू द्या. हात कुठे थांबतो ते बघा.

आमचा मर्फी माझ्या टेबलावर आहे. छान चकचकीत दिसतो, येणारे-जाणारे वाखाणतात. आई २०१४ मध्ये गेली. आता खंडेनवमीला मी बोट लावतो, त्याच कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी पुसत नाही. अजून तरी मुरलेलं नाही.