कांट्याची साक्ष

गेल्या वैशाखांत ठाण्याची एक मुंज आटोपून आम्ही मोटारीनें पुण्यास परत येत होतों. चिरंजीव मोटार चालवीत होता, शेजारीं मी, मागें आमच्या सौभाग्यवती, सूनबाई आणि दोन वर्षांची नात. बोरघाटाची सुमारें पांचशें मीटरांची चढण, त्यांत सुटीचा दिवस. वाहनांची रांग हलेना, आणि एसी अखंड चालू. २०२० सालीं पाडलेला अमृतांजन पूल जेथें होता, त्या सुमारास उष्णतामानाचा कांटा मध्य सोडून तांबड्या रेषेकडे सरकूं लागला. चिरंजीव म्हणाला, "बाबा, कडेला घेऊं का?" इतक्यांत कांटा आपण होऊन खालीं आला, तो थेट थंडाच्या खुणेवर. मीं समाधानानें म्हटलें, "निवलें. चल पुढें."

मागून सूनबाई म्हणाली, "बाबा, चढ तोच आहे, एसी तसाच आहे, मग निवलें कशानें?"

प्रश्न शुद्ध न्यायशास्त्राचा होता. कार्य दिसतें तर कारण दाखवा, एवढेंच तिनें विचारलें, आणि चौतीस वर्षें वर्गांत कार्यकारणभाव समजावणाऱ्या या मास्तरानें उत्तर दिलें, "तूं मुलीकडे पाहा." अर्ध्या मैलाच्या आंत यंत्र खडखडून बंद पडलें. बॉनेटच्या फटींतून पांढरे लोट निघाले. शेजारचा ट्रकवाला "आग, आग" म्हणून ओरडला, तशी सूनबाई नातीला कवटाळून वाहनांच्या गर्दींतून कडेला धांवली. ती आग नव्हती, वाफ होती. डोंगरावरील धुरावरून अग्नि ताडावा, हें अनुमान आम्हां संस्कृतवाल्यांस पाठ असतें. बाष्पास धूर समजणें हा दोषहि त्याच शास्त्रानें सांगून ठेविला आहे. पण त्या घटकेस तें आठवावयाचें कोणास?

दुसरे दिवशीं मेस्त्रींनीं फाटलेली रबरी नळी माझ्या हातांत ठेविली. पाणी केव्हांच वाहून गेलें होतें. उष्णतामान सांगणारा सेन्सर पाण्यांत बुडालेला असेल तरच खरें बोलतो. पाणी उतरलें कीं तो नुसत्या हवेंत लटकतो, आणि यंत्र जळत असतांहि कांटा थंडावर येऊं शकतो. साक्षीदार लबाड नव्हता. ज्याची साक्ष द्यावयाची तेंच त्याच्यासमोर उरलें नव्हतें. अल्युमिनियमचें हेड वांकलें, गॅस्केट जळालें. निळी खूण दिसतांच थांबलों असतों, तर नव्या नळीवर भागलें असतें.

मेस्त्री मोठा बोलका. त्याच्यापाशीं दोन तास बसून कळलें कीं, कांटा किती चढला यापेक्षां केव्हां चढला हें आधीं पाहावें. लक्ष्मी रस्त्याच्या गर्दींत चढून मोकळ्या रस्त्यास लागतांच उतरतो, तर रेडिएटरचा पंखा फिरत नसावा. धांवत्या मोटारीस वारा मिळतो, उभ्या मोटारीस पंख्याचाच आधार. उलट गांवांत ठीक आणि कात्रजच्या चढावर तापते, तर रेडिएटर आंतून तुंबलेला असेल, किंवा थर्मोस्टॅट पुरता उघडत नसेल. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या प्रसरणावर चालणारें लहानसें दार. बहुतेक मोटारींत तें ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडूं लागतें. तें उघडेंच अडकून राहिलें तर महामार्गावर कांटा मध्यापर्यंत येतच नाहीं. लोक यांत आनंद मानतात. वस्तुतः पेट्रोल अधिक जळत असतें. दिवे लावतांच कांटा उडी मारूं लागला, तर दोष बहुधा विजेच्या तारेचा. पाणी इतक्या झटकन तापतहि नाहीं आणि निवतहि नाहीं. एक गोष्ट तर मला अगदींच नवी होती. पुष्कळ नव्या मोटारींत कांटा मुद्दामच स्थिर ठेवलेला असतो. उष्णतामान दहावीस अंश खालींवर झालें तरी तो मध्यावरच. कित्येकींत कांटाहि नाहीं. यंत्र थंड असतां निळा दिवा, अति तापल्यास तांबडा.

तापलेली मोटार कडेला घ्यावी, यंत्र बंद करावें आणि निदान अर्धा तास झांकणास हात लावूं नये. पुणें सुमारें ५६० मीटर उंच, म्हणून आपल्या चुलीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतें. रेडिएटरांत मात्र तें कुकरप्रमाणें दाबाखालीं कोंडलेलें असतें आणि ११० अंशांसहि उकळत नाहीं. झांकण काढतांच दाब जातो, आणि पाणी उसळून हात-तोंड भाजतें. वाफ जिरल्यावांचून कुकर न उघडणाऱ्या गृहिणीचे पतिराज रस्त्यावर नेमकें हेंच करतात. माझ्या लहानपणीं घाटाच्या पायथ्याशीं एस. टी. चा ड्रायव्हर गाडी निवेपर्यंत विडी ओढीत बसे आणि मग डब्यानें पाणी ओती; आम्ही उतारू मात्र चडफडत असूं.

चिरंजीवानें दुरुस्तीचें बिल मला दाखविलें नाहीं. मीं तें त्याच्या टेबलावर पाहिलें. सूनबाईजवळ "माझें चुकलें" एवढे दोन शब्द बोलावयास मला आठ दिवस लागले. ती हंसली आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळीं मी पुढें बसतें."

दिवाळींत महाबळेश्वरास गेलों तेव्हां ती पुढें होती, मी मागें नातीजवळ. पसरणीच्या घाटांत कांटा किंचित् हालला. मीं तोंड उघडलें, आणि मिटलें. तिनें एसी बंद करून खिडकीची कांच खालीं केली, आणि पुढल्या मोकळ्या वळणावर मोटार थांबवावयास सांगितलें.