ॲस्टनची बाग कोणाची?

बर्मिंगहॅमच्या त्या वेळच्या वेशीबाहेरील ॲस्टन हॉल हा वाडा सर टॉमस होल्ट या राजपक्षीय जमीनदाराने १६१८ ते १६३५ या काळात बांधविला. १६४३ साली पार्लमेंटच्या फौजेने त्यावर तोफा डागल्या. गोळ्याची खूण जिन्यावर अद्यापि दिसते. पण जमीनदाराचे कुंपण तोफांनी मोडले नाही. ते मोडण्याचे काम दोन शतकांनी शहरच्या कामकऱ्यांनी आरंभिले. वाडा व भोवतालची राई लोकांसाठी घ्यावी म्हणून त्यांनी कंपनी काढली, आणि १८५८ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने उद्यान उघडले. (राणीच्या हाताने बाग उघडते, पैसा मात्र रयतेनेच जमवावयाचा!) तो पुरेना, म्हणून गर्दी खेचणारे खेळतमाशे सुरू झाले, १८६३ साली दोरावर चालणारी एक गरोदर बाई खाली पडून मेली. लोकांच्या विसाव्याच्या जागेस स्वतःचे पोट भरावयास लाविले, त्याचे हे फळ. अखेर १८६४ साली म्युनिसिपालिटीने ती जागा विकत घेतली, तेव्हा कोठे ती खरोखर सार्वजनिक झाली. बागांच्या खर्चासाठी तिकीट आणि ठेकेदार यांवाचून दुसरी वाट न दिसणाऱ्या नगरपित्यांस आम्ही इतकेच विचारतो की, मग कर कशासाठी घेता?