थर्माकोल विरघळला, दोष रेझिनचा

येलदरीच्या जलाशयाकाठी या आठवड्यात पुन्हा तेच ऐकलं, "फायबर आपल्या कामाचं नाही." पुरावा समोरच पडला होता. मासेमारीच्या तराफ्याच्या थर्माकोलवर एका पोरानं काचतंतूची मॅट अंथरून रेझिन फासलं होतं. ठोकळा आतून खचला होता, मधे मूठ जाईल एवढा खड्डा. "फायबरनं थर्माकोल खाल्ला की ओ," एक मामा म्हणाले.

खाल्ला तो रेझिननं. पाण्याच्या टाक्यांना वापरतात त्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि स्टायरीनमध्ये थर्माकोल विरघळतो. इपॉक्सी लावलं असतं तर ठोकळा शाबूत राहिला असता. ते महाग पडतं, म्हणून कुणी मागत नाही आणि कुणी सांगतही नाही.

इपॉक्सी आणि काचतंतू मिळून काय करतात ते पाहायचं तर 'म्हादेई' आठवा. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली, 2009 मध्ये नौदलाकडे आलेली ५६ फुटी शिडाची नौका. दिलीप दोंदे तिच्यातून 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तिच्या अंगात मधे सीडरच्या हलक्या लाकडी पट्ट्या आणि आतबाहेर इपॉक्सीत भिजवलेला काचतंतू. वजन वाचतं ते मधल्या थरामुळे, ताण पेलतात दोन्ही बाजूंचे पापुद्रे, आणि त्यांच्यातलं अंतर जितकं जास्त तितकं अंग वाकायला कठीण. येलदरीच्या पोरानं हीच युक्ती हेरली होती. त्याला दक्षिण महासागर नाही ओलांडायचा, पूर्णा नदीवरच्या याच धरणात जाळं टाकून घरी यायचंय. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं तर रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडाला औषध पाजून, वर फायबर चढवून होड्या करून दाखवल्या आहेत.

फायबर न चढवता ठेवलेला उघडा थर्माकोल मात्र उन्हानं भुरभुरतो, दगडाला घासला की त्याचे मणी पाण्यात सुटतात. ठोकळा पुन्हा विकत घ्यावा लागतो आणि स्वस्ताई तिथंच संपते.

म्हणूनच आयटीआयमध्ये फायबरकाम शिकवण्याचा विषय मी काढतोय, काढणारच. धरणाकाठच्या तालुक्यात पोरं वेल्डिंग शिकतात, मग फायबरकाम का नको? एक साचा केला की त्यातून होडीमागून होडी निघते, साच्याचा खर्च सगळ्यांत वाटला जातो आणि फुटलेली होडी गावातच सांधता येते. मच्छीमार सोसायट्यांनी अनुदानाच्या अर्जात तयार होड्यांच्या आधी साचा मागावा, आणि तो वापरायला शिकवणारा माणूस.