स्वप्नाचा जामीनदार कोण?

बारावीचे आणि सामायिक प्रवेश परीक्षेचे निकाल लागले, की तालुक्यातालुक्यांतील आपल्या कार्यकर्त्यांकडे एक प्रश्न हटकून येतो. मुलाला वा मुलीला पुण्या-मुंबईच्या नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळेल इतके गुण आहेत. घरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर दुसरेही एक महाविद्यालय आहे, एस.टी.च्या पासावर जाऊन-येऊन शिकता येईल असे. तर नाव कोठे घालावे? विचारणारा कोरडवाहू शेतकरी असतो, साखर कारखान्यातील हंगामी कामगार असतो, किंवा दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहिणारा असतो. पुष्कळदा त्याने उत्तर मनाशी ठरविलेले असते आणि त्याला आपला होकार तेवढा हवा असतो. तरीही होकार देणाऱ्याच्या अंगावर जबाबदारी येतेच.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा सल्ला अशा वेळी फार स्वस्तात दिला जातो. ज्यांच्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या हाच उपदेश ऐकविला गेला, त्यांच्या मुलांना तो पुन्हा ऐकविण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही. परंतु याच्या अगदी उलट, 'शिक्षणासाठी शेत विकले तरी चालेल' असे टाळ्या घेणारे वाक्य बोलणारेही काही कमी बेजबाबदार नसतात. शेत त्यांचे नसते.

अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला येथे एक भेद स्पष्ट करावासा वाटतो. चार वर्षांचा चार लाख रुपये खर्च हा डॉक्टरच्या घरी खर्चच असतो; मुलगा नापास झाला, मध्येच शाखा बदलली, पदवीनंतर वर्षभर घरी बसला, तरी घर मोडत नाही. तेच चार लाख दोन एकरांच्या धन्याच्या घरी जुगार ठरतात. रक्कम एक, जोखीम निराळी. आणि जोखमीचा हा फरक गुणपत्रिकेत कोठेच दिसत नसल्यामुळे, दोन्ही मुलांना समान संधी होती असे म्हणायला आपण मोकळे राहतो.

हिशेब मांडूनच पाहावा. समजा, दर वर्षाच्या प्रारंभी एक लाख याप्रमाणे चार लाखांचे कर्ज दहा टक्के सरळ व्याजाने काढले आणि शिक्षणानंतर एक वर्षाने फेड सुरू केली. तोपर्यंत व्याजाचेच 1 लाख 40 हजार झालेले असतात. हे 5 लाख 40 हजार रुपये त्याच दराने दहा वर्षांत फेडायचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे 7,100 रुपये येतो. हप्ता ठरलेला असतो. पहिल्या नोकरीचा पगार मात्र कोणी लिहून देत नाही. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत ज्या एका विद्यार्थ्याचे भरघोस वेतन छापलेले असते, त्याच्या वर्गातील उरलेल्यांचे काय झाले हे त्या पुस्तिकेत शोधू नये.

महाराष्ट्रापुरते पाहिले, तर या प्रश्नाची घडण आणखी चमत्कारिक आहे. 1959 साली, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, कमी वार्षिक उत्पन्न असलेल्यांसाठी फी-माफीची सवलत आली. 'ई.बी.सी.' या तीन अक्षरांवर शेतकऱ्यांच्या मुलांची एक अख्खी पिढी पदवीधर झाली. 1983 साली विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि पारडे फिरले. परिणाम असा, की आज नावाजलेले शासकीय महाविद्यालय शुल्काच्या दृष्टीने पुष्कळदा स्वस्त असते, आणि 'परवडणारे' म्हणून ज्याच्याकडे आपण बोट दाखवितो ते घराजवळचे विनाअनुदानित महाविद्यालय महाग! ते परवडते ते केवळ राहण्या-जेवण्याचा खर्च वाचतो म्हणून. म्हणजे गरीब विद्यार्थ्याला स्वप्नातल्या महाविद्यालयापासून दूर ठेवणारी गोष्ट शिकवणी शुल्क नसून पुण्यातील खोलीचे भाडे आणि खानावळीचे बिल ही आहे. शुल्काविरुद्ध आपण मोर्चे काढले, ते योग्यच झाले. वसतिगृहाच्या खाटांसाठी किती काढले?

शाहू महाराजांना हे कळले होते. कोल्हापुरात त्यांनी जातीजातींची वसतिगृहे उभारली, कारण शाळा शहरात आणि विद्यार्थी खेड्यात ही अडचण त्यांनी नेमकी हेरली होती. कर्मवीरांनी साताऱ्यात बोर्डिंग काढले आणि पुढे 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर महाविद्यालय चालविले. बडोदे संस्थानाने 1913 साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठविले ते दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. या साऱ्यांत समान सूत्र असे, की मुलाची बुद्धी पाहून जोखीम कोणी तरी दुसऱ्याने, समाजाने वा राज्याने, उचलली. बापाचा सातबारा कोणी मागितला नाही.

आजच्या सवलती कागदावर थोड्या नाहीत. पण त्या बहुतेक दाराच्या आतल्या आहेत. 2024 सालची घटना पुष्कळांच्या स्मरणात असेल. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आय.आय.टी.त जागा मिळाली. तेथे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ आहे. तरीही जागा निश्चित करण्यासाठीचे 17,500 रुपये ठरलेल्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत भरले गेले नाहीत, म्हणून ती जागा गेली. ती परत मिळविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला 30 सप्टेंबर रोजी घटनेच्या 142 व्या कलमाखालील आपला विशेष अधिकार वापरावा लागला. चार वर्षांच्या खर्चाने त्या मुलाला अडविले नव्हते, अडविले होते चार दिवसांत उभ्या न राहिलेल्या रकमेने. जे दिल्लीपर्यंत पोचत नाहीत त्यांची गणती कोण ठेवतो?

त्याच वर्षी केंद्र सरकारने विद्यालक्ष्मी योजना आणली. निवडक 860 संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार यांवाचून कर्ज, असे तिचे स्वरूप. तारणाचा जाच गेला, हे स्वागतार्ह आहे. पण हमी संस्थेच्या नावाला मिळाली, विद्यार्थ्याच्या परिस्थितीला नव्हे. आणि शेवटी ते कर्जच आहे. गरिबाला कर्ज काढण्याची मुभा मिळणे आणि शिक्षण मिळणे या दोन गोष्टी एक मानण्याची चूक आपण करू नये.

मुलींविषयी वेगळे बोलणे अवश्य आहे. 'परवडत नाही' हा शब्द मुलाच्या बाबतीत पैशाचा असतो, मुलीच्या बाबतीत तो अनेकदा पैशाआड लपलेला नकार असतो. मुलाच्या स्वप्नासाठी सोसायटीचे कर्ज निघते, मुलीसाठी 'जवळचे बरे'. जुलै 2024 पासून आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, केंद्रीय प्रक्रियेने प्रवेश घेतल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिकवणी व परीक्षा शुल्क राज्याने पूर्ण माफ केले. अभिमत आणि खासगी विद्यापीठे तीत नाहीत, हे प्रत्येक पालकाला आधी सांगितले पाहिजे. या सवलतीने निदान एक सबब संपली. उरली खोली, आणि मुलींच्या वसतिगृहात जागा नाही हे उत्तर बापाला फार सोयीचे पडते.

घराजवळच्या महाविद्यालयाला कमी लेखण्याचाही आमचा हेतू नाही. चांगला शिक्षक लाभला तर विद्यार्थी तालुक्याच्या गावीही घडतो. परंतु अनुदानित महाविद्यालयांतील जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवायच्या, तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर वर्ग चालवायचे, आणि मग मुले शहराकडे धावतात म्हणून नाक मुरडायचे, हा न्याय कोणता? ती धाव हौसेची नाही. तिकडे शिकवायला माणूस आहे, एवढीच माहिती तिच्यामागे असते.

सबब, विचारायला आलेल्या पालकाला आपण काय सांगावे? आमचे मत असे: महाविद्यालय शासकीय वा अनुदानित असेल, तर पसंतीक्रमात ते वर ठेवायला लावावे आणि राहण्याची सोय शोधण्याचे काम आपल्या शिरावर घ्यावे. केवळ नावासाठी मोठे शुल्क घेणाऱ्या खासगी विद्यापीठाकरिता जमीन गहाण ठेवायला स्वच्छ नकार द्यावा, मुलाने कितीही हट्ट धरला तरी. दोन्हींच्या मधले प्रकरण असेल, तर त्या महाविद्यालयात सध्या शिकत असलेल्या दोन विद्यार्थ्यांशी बापाची प्रत्यक्ष गाठ घालून द्यावी. प्राध्यापक कायम आहेत की कंत्राटी, प्रयोगशाळा उघडी असते की कुलुपात, हे त्यांच्याइतके खरे कोणी सांगणार नाही.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर यांचे अर्ज तहसील कचेरीत, आणि जातपडताळणीचा अर्ज जिल्हा पडताळणी समितीकडे, निकालाची वाट न पाहता आधीच दाखल झालेले असावेत. आणि प्रत्येक तालुका शाखेने प्रवेशाच्या पहिल्या भरण्यासाठी बिनव्याजी फिरता निधी उभा करावा. शिष्यवृत्ती हाती आली की रक्कम परत, एवढीच अट. अशा निधीला लाखो रुपये लागत नाहीत. धनबादचा प्रश्न 17,500 रुपयांचा होता.