दार उघडं होतं म्हणून...

आयफोन चांगला की अँड्रॉइड? हा वाद आपल्याकडे पुणे-मुंबई वादासारखा आहे. हरत कुणीच नाही आणि थांबतही कुणी नाही. कुठल्याही आयटी हापिसच्या कॅन्टीनमध्ये आठवड्यातून एकदा तरी तो होतोच. एकीकडे 'आमचा कॅमेरा बघ', दुसरीकडे 'आमची किंमत बघ', आणि कोपऱ्यात एखादा विंडोज फोनच्या आठवणीने उसासे टाकणारा. या विकांताला मला त्या वादात तेल ओतायचं नाहीये. माझं म्हणणं एवढंच की आपण भलत्याच गोष्टीवर भांडतोय. दोन टोलनाक्यांपैकी कुठल्या नाक्यावरचा माणूस गोड बोलतो यावर आपण तावातावाने बोलतो, पण रस्त्यावर नाका मुळात का आहे, हे कुणी विचारतच नाही.

नाका कसला म्हणाल, तर सांगते.

जुलै २००८ मध्ये अ‍ॅपलने अ‍ॅप स्टोअर उघडलं. सुरुवातीला त्यात जेमतेम ५०० अ‍ॅप्स होती. नियम साधे. आयफोनवर प्रोग्रॅम टाकायचा तर आमच्याच दुकानातून, आत काय येणार ते आम्ही ठरवणार, आणि विकलं तर ३० टक्के आमचे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलचं अँड्रॉइड मार्केट आलं (२०१२ पासून त्याचं नाव गूगल प्ले). तिथेही विक्रीवर कापून घ्यायचा आकडा ३० टक्केच. फरक एक होता. अँड्रॉइडवर दुकानाबाहेरून अ‍ॅप टाकता यायचं. सेटिंगमध्ये शिरून, धोक्याच्या पाट्या ओलांडून, पण यायचं.

आता जरा मागे जाऊ. हे दोघं एवढे मोठे झाले कसे?

अ‍ॅपलचा आयपॉड २००१ मध्ये आला तेव्हा तो फक्त मॅकला जोडता यायचा, आणि मॅक होते कितीजणांकडे? जग विंडोजवर होतं. म्हणून २००२ मध्ये विंडोजवाल्यांसाठी आयपॉड आला आणि ऑक्टोबर २००३ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्स विंडोजसाठी काढलं. लोकांनी ते अ‍ॅपलच्या साइटवरून उतरवून घेतलं, विंडोजवर टाकलं आणि ९९ सेंटला एक या भावाने गाणी विकत घ्यायला सुरुवात केली. त्या ९९ सेंटमधला मायक्रोसॉफ्टचा वाटा किती? शून्य. अ‍ॅपलने मायक्रोसॉफ्टकडे प्रोग्रॅम तपासायला पाठवला होता का? नाही. संगीताच्या धंद्यात ते दोघं एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, तरीही नाही.

गूगलची गोष्ट याहून गमतीची. सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे अ‍ॅप स्टोअर उघडल्यावर दोनच महिन्यांनी, गूगलने क्रोम आणला. कुठे? फक्त विंडोजवर. मायक्रोसॉफ्टच्या अंगणात उभं राहून मायक्रोसॉफ्टच्याच इंटरनेट एक्सप्लोररला आव्हान. लोकांनी एक्सप्लोरर उघडला, त्यातून क्रोम डाऊनलोड केला आणि एक्सप्लोररला रामराम ठोकला. मायक्रोसॉफ्टला ते रोखायला दारच नव्हतं. आणि आयफोनवर? तिथे २०१२ मध्ये क्रोम आला खरा, पण वरून क्रोम आणि आतलं इंजिन अ‍ॅपलचंच. दुसरं इंजिन वापरायची परवानगीच नव्हती. युरोपात ती २०२४ मध्ये मिळाली, तीही कायदा झाला म्हणून.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. १९९८ साली एका कन्नड अभियंत्याने बरहा नावाचा प्रोग्रॅम लिहिला. कन्नडमध्ये 'बरहा' म्हणजे लेखन. मुळात तो कन्नडसाठी होता, पुढे त्यात देवनागरीही आली. मराठी ब्लॉगांच्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी बरहा उतरवून घेऊन इंग्रजी कळफलकावर मराठी बडवायला सुरुवात केली. (मी तेव्हा रांगत होते किंवा बालवाडीत होते, त्यामुळे हे सगळं ऐकीव आणि वाचीव.) मायक्रोसॉफ्टला मराठीत रस आहे की नाही, याची वाट कुणाला बघावी लागली नाही. हेच आयफोनवर करून बघायचं म्हटलं असतं तर? बाहेरच्या माणसाने बनवलेला कळफलक आयफोनच्या सगळ्या अ‍ॅप्समध्ये वापरता यायला लागला तो आयओएस ८ पासून, म्हणजे सप्टेंबर २०१४ मध्ये. पहिला आयफोन आल्यावर सात वर्षांनी! तोवर तुमच्या भाषेत कसं टाइप करायचं हे कॅलिफोर्नियात ठरत होतं.

तीन गोष्टी, पण दार एकच. विंडोजचं उघडं दार. त्यातून अ‍ॅपल आत आलं, गूगल आत आलं आणि मराठीही आत आली. पहिल्या दोघांनी आत येऊन पुढे स्वतःची घरं बांधली, आणि त्या घरांच्या दाराशी आता रखवालदार बसवलेत. गरज सरो वैद्य मरो!

लगेच कुणीतरी म्हणेल, 'म्हणजे मायक्रोसॉफ्ट काय संत होतं?' छे हो! १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने त्यांच्यावर खटला भरला तो उगाच नाही. न्यायालयाने त्या खटल्यात एक फार नेमकी गोष्ट मांडली. लोक विंडोज घेतात कारण प्रोग्रॅम विंडोजवर आहेत, आणि प्रोग्रॅम विंडोजसाठी लिहिले जातात कारण लोक विंडोजवर आहेत. या तटबंदीमुळे नवी ऑपरेटिंग सिस्टीम कितीही चांगली असली तरी आत शिरू शकत नाही. काळाचा न्याय बघा. याच तटबंदीवर पुढे विंडोज फोनने डोकं आपटलं. २०१० मध्ये आला, दिसायला देखणा, चालायला चपळ. पण त्यावर अ‍ॅप्स नाहीत म्हणून लोक नाहीत, आणि लोक नाहीत म्हणून अ‍ॅप्स नाहीत. २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा विकत घेऊनही काही झालं नाही. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यापायी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकले.

तर मायक्रोसॉफ्ट संत नव्हतं, दादागिरी करायचं. पण दादागिरीच्या ऐन भरातही तुमच्या संगणकावर कुठला प्रोग्रॅम चालेल हे ठरवायची किल्ली त्यांच्या खिशात नव्हती. फोनचं पाहून त्यांनाही मोह झाला म्हणा! २०१२ मध्ये विंडोज आरटी काढलं, त्यावर नवे प्रोग्रॅम फक्त त्यांच्या दुकानातून घ्यायचे. लोकांनी त्याला हातही लावला नाही. आणि स्टीम हे खेळांचं दुकान चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी विंडोजचा हा नवा रोख बघून सावध झाली. तिने लिनक्सवर पैसे लावले. २०१८ मध्ये विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं, २०२२ मध्ये स्टीम डेक. डेस्कटॉपवर मालकाने दार लोटायला घेतलं की दुसरीकडे जायला वाट असते, ती ही अशी.

आणि वाट असली की भावही उतरतो. स्टीमसुद्धा ३० टक्केच घ्यायचं. डिसेंबर २०१८ मध्ये एपिकने १२ टक्क्यांत दुकान थाटलं. त्याची चाहूल लागताच स्टीमने मोठ्या विक्रीसाठी २५ आणि २० टक्क्यांचे टप्पे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये पीसीवरच्या खेळांसाठी १२ टक्के केले. याला म्हणतात बाजार. फोनवर छोट्या विकसकांसाठी ३० चे १५ झाले तेही २०२१ मध्येच, पण कोर्टकचेऱ्या आणि सरकारं मागे लागल्यावर. शेजारच्या दुकानाला घाबरून नव्हे, कारण शेजारी दुकानच नाही.

बरं, आता सगळ्यात मोठा आक्षेप. 'सुरक्षेचं काय? माझ्या बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लग्नपत्रिका समजून एपीके फाइल उघडली तर?' हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. असल्या फायलींनी लोकांची खाती रिकामी झाली आहेत. पण दोन गोष्टी विचारात घ्या.

एक. कर्ज देण्याच्या नावाखाली लोकांना छळणारी अ‍ॅप्स आठवतात? एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने प्ले स्टोअरवरून २,५०० हून जास्त कर्जअ‍ॅप्स काढली, हे सरकारने संसदेत सांगितलेलं आहे. म्हणजे एवढी अ‍ॅप्स राजरोस मुख्य दारातून, रखवालदारासमोरून आत गेली होती.

दोन. तपासणी आणि वसुली या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्याचा पुरावा खुद्द अ‍ॅपलनेच दिलाय. मॅकवर तुम्ही कुठल्याही साइटवरून प्रोग्रॅम उतरवू शकता. विकसक तो आधी अ‍ॅपलकडे पाठवतो, तिथे त्यात काही घातक तर नाही ना हे तपासलं जातं. दुकानात ठेवायची सक्ती नाही, विक्रीत वाटा नाही. तपासणी न झालेला प्रोग्रॅमही सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच्या जबाबदारीवर चालवता येतो. आता मजा बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये मॅकमध्ये एम१ चिप आली, आणि २०२१ मध्ये तीच चिप आयपॅड प्रोमध्ये. चिप तीच, कंपनी तीच, गिऱ्हाईकही बहुधा तेच. तरी मॅकवर तुम्ही शहाणेसुरते आणि आयपॅडवर कुकुलं बाळ? हा फरक सुरक्षेने ठरवलेला नाही, गल्ल्याने ठरवलाय.

'पण आपल्याला काय त्याचं?' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन तारखा. १८ सप्टेंबर २०२० ला पेटीएम काही तासांसाठी प्ले स्टोअरवरून गायब झालं. १ मार्च २०२४ ला नोकरी, ९९एकर्स, शादी, भारत मॅट्रिमोनी अशी अ‍ॅप्स फीच्या वादावरून काढली गेली, आणि सरकारने बैठक बोलावल्यावर काही दिवसांत परत आली. वादात कोण बरोबर होतं ते सोडा. दहातले नऊहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइडवर असलेल्या देशात एका कंपनीने बटण दाबलं की दुसऱ्या कंपनीचा धंदा बंद. मंत्र्यांपर्यंत पोचायची ताकद असलेल्यांचं हे, तर कोथरूडमधल्या तीन जणांच्या स्टार्टअपचं काय? आमच्याकडे रिलीजचं वेळापत्रक बनतं तेव्हा वेबच्या रकान्यात फक्त तारीख असते. मोबाइलच्या रकान्यात तारखेपुढे कंसात लिहावं लागतं, 'मंजुरी मिळाल्यास'.

आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडबद्दल १,३३७.७६ कोटींचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण दुसऱ्यांची दुकानं प्ले स्टोअरवरून वाटू द्या, ही सूचना रद्द केली. म्हणजे दंड भरा आणि नाका चालू ठेवा. युरोपने मार्च २०२४ पासून आयफोनवर दुसरी दुकानं यायला लावली, जपानचा कायदा डिसेंबर २०२५ मध्ये पूर्ण लागू झाला. तिथे आभाळ कोसळलेलं नाही.

आणि आपण झोपलेले असताना उरलेली फटही बुजतेय. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की अधिकृत अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप टाकायचं तर, ते दुकानाबाहेरून आलेलं असलं तरी, लिहिणाऱ्याने आधी गूगलकडे आपली ओळख पटवून नोंदणी केलेली हवी. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, २०२७ पासून जगभर. आरडाओरडा झाल्यावर 'जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू' म्हणाले, विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी मर्यादित खातंही देणार म्हणाले. ठीक आहे. पण वाट ठेवणारे तेच, आणि उद्या ती बंद करणारेही तेच.

माझं मागणं फार नाही. इशारा द्या, दहा वेळा विचारा, पण शेवटचं 'हो' फोन विकत घेतलेल्या माणसाचं असू द्या. तपासणीची फी घ्या, पण तपासता म्हणून विक्रीत वाटा मागू नका. आणि दुकान चालवायचं तर शेजारी दुसरं दुकान असू द्या. मॅकवर, विंडोजवर हे सगळं आज आहे. फोनवर मागितलं की आपलेच इंजिनिअर बंधू-भगिनी 'सुरक्षा, सुरक्षा' करत अंगावर येतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

कारण आपल्यातल्या बहुतेकांचं पोट उघड्या डेस्कटॉपवर भरलंय. शाळेच्या लॅबमधल्या जुनाट मशीनवर कुठूनतरी आणलेला कंपायलर टाकला, काहीतरी मोडलं, काहीतरी चाललं, म्हणून आपण इथवर आलो. आज एखाद्या तालुक्याच्या गावातल्या बारा वर्षांच्या मुलीच्या घरात संगणक नाहीये, पण फोन आहे. तिच्यासाठी तोच संगणक. तिने उद्या तिच्या बोलीसाठी एखादा छोटा कळफलक लिहिला आणि मैत्रिणीच्या फोनवर टाकायचा म्हटला, तर तिने आधी कॅलिफोर्नियात नाव का नोंदवायचं? बरहा लिहिणाऱ्याला तर कुणी विचारलं नव्हतं.