नॅशनल पार्कच्या यादीतलं अर्धं खोडा

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या तिकिटाच्या रांगेत जी कुटुंबं दिसतात, त्यांचा बेत बहुधा एकच असतो: सफारी, बोटिंग, कान्हेरीची लेणी आणि चारपर्यंत घरी. जागा सुमारे १०४ चौरस किलोमीटरची, हाताशी पाच तास. बेत तिथेच फसतो.

मुळात ही बाग नाही, रान आहे. बिबटे आणि सांबरं इथे राहतात, वारली कुटुंबांचे पाडे आहेत आणि मुंबईला पाणी देणारे तुळशी व विहार हे तलावही याच्याच पोटात आहेत. एका दिवसात ‘पार्क झाला’ म्हणायची सोय नाही.

पहिल्या खेपेला कान्हेरी तेवढी धरावी. मुख्य दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत, तिथलं तिकीट वेगळं, पुरातत्त्व खात्याचं. शंभराहून जास्त लेणी आहेत. तरी बहुतेक मंडळी तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात फोटो काढून मागे फिरतात आणि खाली माकडांशी वेफर्सच्या पुडीवरून झटापट करत बसतात. खरी गंमत वर आहे. कातळातल्या पायऱ्यांनी चढत गेलं की लेण्यालेण्यापाशी पाण्याची पोढी, म्हणजे टाकी, लागते. माथ्यावरचं पावसाचं पाणी खोदलेल्या पन्हळींतून या टाक्यांत उतरायचं आणि त्यावर भिक्षूंची वस्ती शतकानुशतकं भागायची. जुलैत गेलं तर ही व्यवस्था चालू असलेली दिसते. फक्त पायाखालचं शेवाळ सांभाळावं. नव्वदाव्या लेण्यात इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी पहलवीत आपली नावं कोरून ठेवली आहेत. (आजच्या पाहुण्यांनी हा कित्ता गिरवू नये.)

पार्क सोमवारी बंद असतो. मेट्रोचं ‘राष्ट्रीय उद्यान’ स्थानक जवळ असताना रविवारी गाडी काढून महामार्गावर तासभर अडकण्यात काय हशील? पार्कवाल्यांनीही एक करावं: कान्हेरीचं अंतर आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ तिकीटखिडकीवरच ठळक लावावी. निम्मे बेत रांगेतच सुधारतील.

सफारी आणि बोटिंग पुढच्या खेपेला. इथल्या कारवीच्या झुडपांचा बहर मात्र आठ वर्षांनी एकदाच येतो. तो २०२४ मध्ये येऊन गेला, म्हणजे आता वाट २०३२ ची.